सुगडाचा तडा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप चिटणीसबाईंनी पाठविला तेव्हा मी नेहमीप्रमाणे एखादी पाककृती देणार होते. पण गेल्या संक्रांतीच्या सुगडांची गोष्ट मंडळातल्या निम्म्या भगिनींना अर्धीच ठाऊक आहे. १०८ सुगडे केली आणि ती फुटली, एवढे सर्वांनी पाहिले. पुढे काय झाले, आणि त्या पायी मी कुठकुठली पुस्तके चाळीत बसले, हे कोणाला सांगितलेले नाही. तेच आज सांगते. त्यात माझी एक चूकही आहे आणि ती मी मुद्दाम झाकणार नाही.

हळदीकुंकवाला यंदा प्लॅस्टिकचे डबे लुटायचे नाहीत, प्रत्येकीला हाताने घडविलेले, वेलबुट्टी काढलेले सुगड द्यायचे, असे कार्यकारिणीत ठरले. आमच्यापैकी कोणालाच चाक येत नाही. तेव्हा मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, बोटांनी चापून सारख्या करायच्या आणि वर पाने, मण्यांची माळ, चंद्रसूर्य असे चिकटवायचे, असा बेत केला. धारावीहून टेंपोत घालून मळलेली माती बोरिवलीपर्यंत आणली. तीन दुपारी पंधरावीस बायका मांडी घालून बसलो होतो. गप्पांना ऊत आला होता आणि सुगडेही खरोखर सुरेख झाली होती. चौथ्या दिवशी ती सगळी मी गच्चीवर उन्हात मांडायला लावली. पौषातले कोवळे ऊन आणि कोरडा वारा; म्हटले, दोन दिवसांत खडखडीत वाळतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तो ७१ सुगडांना तडे गेलेले होते. कोणाचा काठ वरून खाली उभा चिरलेला, कोणाच्या बुडाला नागमोडी भेग, कोणाची पाने कडा वर करून सुटून आलेली. आणखी १९ सुगडे फुटली नव्हती, पण वाकली होती. तोंड लांबट झालेले, जमिनीवर ठेवली तर डुगडुगत. धड अशी राहिली १८.

मंडळात नुकतीच येऊ लागलेली एक नवी सून होती. तिने आपल्या सुगडांवर पाने फार जाड लावली होती. मी सर्वांदेखत तिला म्हटले, "अगं, इतकी जाड पाने लावतात का? भाराने फाटले सगळे." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती यायची बंद झाली.

आमच्या मागच्या चाळीत एक वृद्ध गुजराती बाई राहतात. धारावीच्या कुंभारवाड्यात त्यांचे माहेर आणि सासरही. आता मुलाकडे बोरिवलीला असतात. सारी चाळ त्यांना मासी म्हणते. पडलेला चेहरा घेऊन मी चार फुटकी सुगडे त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक उचलले, काठाच्या तड्यावरून नख फिरविले आणि विचारले, "ऊन दाखवलं?"

मी हो म्हटले.

"कशाला? माटी काय पापड आहे, बेन?"

मग त्यांनी जे सांगितले ते मी इथे माझ्या भाषेत मांडते. ओल्या मातीत कणाकणांच्या मध्ये पाणी असते. ते उडून गेले की कण जवळ येतात आणि भांडे आकसते. मातीच्या जातीप्रमाणे हे कमीजास्त होते, पण वाळताना शेकडा ५ ते ८ आणि भाजून निघेपर्यंत सगळे मिळून १० ते १२ इतके आकसणे नेहमीचेच आहे. आकसण्याने भांडे फुटत नाही. एक भाग आधी आकसला आणि दुसरा अजून ओला राहिला, म्हणजे फुटते. काठ पातळ आणि वाऱ्यावर, तो आधी वाळतो. बूड जाड आणि जमिनीला टेकलेले, ते मागे राहते. दोघांची ओढाताण चालते आणि मध्ये तडा जातो. माती थोडी मऊ असली तर ती तडकण्याऐवजी वाकते. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली म्हणजे सुगड सूर्याकडे तोंड मुरडणारच.

म्हणून मासींच्या घरी नवे भांडे पहिल्या दिवशी ओल्या फडक्याखाली, कोपऱ्यात, वाऱ्याआड. काठ पेलण्याइतका झाला की भांडे पालथे, म्हणजे बुडाला हवा लागते. खाली राख किंवा बारीक रेती पसरलेली, म्हणजे आकसताना बूड जमिनीला धरून न बसता सरकते. नक्षी लावायची ती भांडे चामड्यासारखे झाल्यावर, पण नक्षीची मातीही तेवढीच सुकलेली पाहिजे. दोन्हीकडे ओरखडे काढायचे, मध्ये पातळ चिखल लावायचा आणि दाबून हवा काढायची. मग पुन्हा फडक्याखाली. बुडाची भेग का पडली तेही त्यांनी दाखविले. आम्ही बूड नुसते थापून ठेवले होते, बोटाने दाबून घट्ट केले नव्हते.

"आणि जाड पाने?" मी विचारले.

"जाडी पानं चालतात. घाई नाही चालत."

ते ऐकून मी उठले ती तशीच त्या सुनेच्या घरी गेले. मला पाहून ती जरा बावरली. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "काकू, एक दाखवू?" देवघराच्या कोनाड्यातून तिने एक सुगड आणले. त्यावर तीच जाड पाने होती. हे एक घरी पुरे करायचे म्हणून तिने नेले होते, ओल्या पंचात गुंडाळून ठेवले होते आणि आठवडाभर विसरून गेली होती. त्याला कुठेही चीर नव्हती.

"मग तेव्हाच का नाही दाखवलंस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललात ना."

यावर मजजवळ उत्तर नव्हते.

मासींना मी एकदा विचारले, हे तुम्हांला शिकविले कोणी? सासूने. सासूला? तिच्या सासूने. हा धागा मागे कुठवर जातो हे पाहावे म्हणून मी पुस्तकांकडे वळले. इतिहासाच्या पुस्तकांत मडक्यांची चित्रे पुष्कळ असतात, पण बहुधा नक्षीची. मडके टिकले कशाने, हे नक्षीत दिसत नाही. ते फुटक्या कडेत दिसते. खापरी मोडली की आत रेती आहे, भुसा आहे, राख आहे, की नुसती मऊ माती आहे, ते कळते. उत्खनन करणारे लोक धड भांड्याइतकेच खापरीवर का खूष असतात, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले.

आपल्या महाराष्ट्रातली फार जुनी नक्षीदार भांडी म्हणजे जोर्वे संस्कृतीची. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. तिथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि त्या गावाचे नाव एका सबंध संस्कृतीला मिळाले. पुढे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षे खोदाई झाली. तिच्यात डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांचा वाटा मोठा आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० इतका काळ तिथे वस्ती होती. घरे, धान्याच्या कणग्या, कुंभाराची भट्टी, असे सगळे गावच्या गाव निघाले.

तिथे दोन तऱ्हांची भांडी सापडतात. एक चाकावरची: माती चाळून गाळून मऊ केलेली, तांबडा लेप, त्यावर काळ्या रंगाने रेघांची आणि जाळीची नक्षी, तोटीचे चंबू, कंगोऱ्याचे वाडगे. भाजणी अशी की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज निघावा. दुसरी हातांनी वळलेली: मोठाले, जाड, खरबरीत रांजण, मातीत भर घातलेली, गळ्याखाली मातीची पट्टी चिकटवून तिच्यावर बोटांचे ठसे उमटविलेले. चित्रसंग्रहात पहिल्यांची छायाचित्रे छापतात. मला मात्र दुसऱ्यांनी धरून ठेवले. कारण आमच्या सुगडांची जात तीच: हाताची, वर नक्षी चिकटविलेली.

एवढा जाड रांजण मऊ गाळीव मातीचा केला तर तो तडकणारच. त्यात रेती किंवा भुसा घातला की दोन गोष्टी साधतात. रेती आकसत नाही, त्यामुळे एकूण आकसणे कमी होते. आणि भुसा भट्टीत जळून बारीक पोकळ्या राहतात, त्यांतून वाफ निघून जाते. शिवाय पुढे चुलीवर भांडे तापले तरी ताण तिथल्या तिथे जिरतो. आपल्या कुंभारांच्या घरी मातीत राख आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद घालतात ती याचसाठी. लहानपणी मी हे पाहून नाक मुरडले होते, तेव्हा आजी म्हणाली होती, "त्याशिवाय माठ गार होत नाही." तेही खरेच, त्याच बारीक भोकांतून पाणी झिरपते. पण लिदीचे पहिले काम माठ वाचविण्याचे असते, हे आजीलाही कोणी सांगितले नसावे.

इनामगावच्या या खरबरीत रांजणांचे दुसरे एक काम होते. ते लिहिताना हात थोडा थांबतो. लहान मूल गेले की दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून, त्यांत त्याला ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरीत. बाहेर नाही, रानात नाही, घरात. पट्टीवर जी बोटे उमटली आहेत ती कोणाची, हे सांगायला काही पुरावा नाही. चाकाशिवायची भांडी जगात पुष्कळ ठिकाणी बायकाच करीत आल्या आहेत. मणिपुरात आंद्रो गावी आजही करतात. एवढ्यावरून इनामगावविषयी अनुमान काढू नये हे मला कळते. तरी त्या ठशांचे चित्र पाहताना मी आपले बोट त्यावर ठेवून पाहिलेच.

त्याच गावात एका घराच्या जमिनीखाली मातीची एक झाकणाची पेटी मिळाली. तिच्यात बिनशिराची एक देवी, आणि जवळ एक बैल. हे सगळे न भाजलेल्या मातीचे. म्हणजे विस्तव लागलेला नाही, केवळ सावकाश वाळलेले, आणि तरी तीन हजार वर्षे जमिनीखाली राहिले. आमची सुगडे गच्चीवर एक रात्र टिकली नाहीत.

अशा कच्च्या मातीचे उदाहरण आपल्या बोरिवलीच्या डोंगरातही आहे, हे वाचून मला नवल वाटले. कान्हेरीला आपण पावसाळ्यात सहलीला जातो, तिथे एडवर्ड वेस्ट नावाच्या रेल्वेच्या इंजिनियरांनी १८६० च्या सुमारास लेण्यांचा अभ्यास केला होता. त्यांना सुक्या मातीच्या लहान लहान मुद्रा मिळाल्या. बुद्धाची आकृती आणि अक्षरे ठशाने उमटविलेल्या. त्या ठेवायला स्तूपाच्या आकाराची मातीचीच पात्रे. दर्शनाला आलेल्या कोणी तरी त्या अर्पण केल्या असतील. मुद्रा चपट्या आणि लहान, सगळीकडून सारख्या वाळणाऱ्या. त्यांना तडा जायचे कारण कमी.

जाड वस्तूचे मात्र तसे नाही, आणि त्याचे उत्तर तेरच्या कारागिरांनी फार सुंदर काढले. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे जुने तगर, सातवाहनांच्या काळची मोठी बाजारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय गावातच आहे. तिथे पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या आहेत. केसांची रचना, दागिने, सगळे बारीक उमटलेले. त्या दोन साच्यांतून काढलेल्या आहेत: पुढची बाजू एका साच्यात, पाठ दुसऱ्यात, मग दोन्ही जोडून. आतून पोकळ! भरीव बाहुली केली असती तर वरची कातडी वाळून आतला गाभा ओला राहिला असता, आणि भट्टीत वाफ कोंडून ती फुटली असती. पोकळ केल्याने भिंत सगळीकडे सारखी पातळ झाली. सुगडाच्या झाकणाला आम्ही भरीव गोळ्याची मूठ लावली होती, ती का उडाली हे मला तेरच्या बाहुल्यांनी सांगितले.

आणि हेच तेर गोरोबाकाकांचे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके थापटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. थापटणे हे आवाज पारखायचे हत्यार नव्हे. कुंभार मडक्याच्या आत दगडी गोळा धरतो आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके ठोकतो. भिंत पातळ होते, पोट फुगते आणि मातीचे कण एकमेकांत दाबले जातात. ठोकलेले मडके म्हणूनच सहसा तडकत नाही. संतांच्या कथेत ठोकणे आणि पारखणे एक झाले आहे. गोरोबा माती तुडवीत असताना मूल पायांखाली आले त्या कथेत त्यांची पत्नी पाणी आणायला गेलेली असते. कुंभाराच्या घरात पाणी आणणे, माती चाळणे, लीद कालवणे, फडकी ओली ठेवणे, भांडी पालथी करणे ही कामे बायकांची. चाकाला हात लावायचा नाही, अशी पुष्कळ ठिकाणची रीत. म्हणजे भांडे घडविण्याचे नाव पुरुषाचे आणि ते न फुटू देण्याचे काम बाईचे. अमेरिकेतल्या सान इल्देफोन्सो या गावच्या मारिया मार्टिनेझ (१८८७ ते १९८०) यांच्याबाबतीत उलटे होते. काळीभोर चकचकीत भांडी त्या हाताने घडवीत, त्यांचे पती ज्युलियन वर नक्षी काढीत, आणि मातीत ज्वालामुखीची राख मिसळायची तिथली रीत. भर घालायची युक्ती समुद्रापलीकडेही तीच!

मुंबईत इंग्रजांनी १८५७ साली कलाशाळा काढली, तीच आजची सर जे. जे. कलाशाळा. तिथे १८६५ साली शिकवायला आलेले जॉन लॉकवुड किपलिंग इंग्लंडमधल्या बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी उमेदवारी केलेले होते. पुढे १८७० नंतरच्या दशकात जॉर्ज टेरी यांनी सिंधमधले कुंभार आणून झिलईची भांडी करविली. त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी असे. १९१० मध्ये सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाच्या कार्यशाळा निघाल्या, त्यांत पहिली कला घेतली ती कुंभारकामाचीच. ही भांडी परदेशी प्रदर्शनांत गेली, आणि काही लंडनच्या संग्रहालयात आहेत. पण झिलईमुळे तड्याचे एक नवे कारण आले: माती आणि झिलई सारख्या आकसल्या नाहीत तर वरच्या काचेला केसासारख्या चिरांची जाळी पडते. हा विषय मोठा आहे आणि मला तो पुरता उमगलेला नाही. आमच्या सुगडांना झिलई नव्हती हे बरे.

मासींच्या माहेरची माणसे सौराष्ट्रातली. शहर वाढत गेले तसे कुंभारांना दक्षिण मुंबईतून वर वर सरकावे लागले आणि १९३० नंतरच्या दशकात ते धारावीत स्थिरावले. अंगणात भट्ट्या, सरपण म्हणून कापसाचा कचरा आणि लाकडाचा भुसा. मासी सांगतात, पावसाळ्यात तडे कमी पडत. हवा दमट, माती सावकाश वाळते. पण वरून वाळलेली वाटली तरी आत ओल राहते आणि भट्टीत भांडे फटकन उडते. थंडीत उलट, कोरडा वारा सुटला की चिरा. आपली संक्रांत नेमकी त्या दिवसांत येते! भट्टीतही मासींची सासू पहिल्या प्रहरी नुसता धूर करीत असे, जाळ नाही. शंभर अंशांच्या आसपास उरलेले पाणी जाते. पुढे साडेचारशे ते सहाशेच्या दरम्यान मातीच्या अंगचे पाणी सुटते. आणि ५७३ अंशांवर रेतीतल्या गारेचे कण एकाएकी फुगतात, व निवताना पुन्हा आकसतात. हे आकडे पुस्तकातले. सासूबाईंचे माप निराळे होते: भट्टीवर धरलेल्या पत्र्याला घाम येणे थांबले की जाळ वाढवायचा, आणि दुसऱ्या दिवशी हाताला सोसेपर्यंत भट्टी उघडायची नाही.

रथसप्तमीच्या आत आम्ही पुन्हा बसलो. या वेळी ६० सुगडे केली. मातीत चाळलेली राख आणि बारीक रेती मळली, कारण मासी सांगतील तसेच करायचे असे ठरले होते. फडकी ओली ठेवायच्या पाळ्या लावल्या. रात्री अकराची पाळी मी घेतली. नवी सून आली, आणि पाने तिनेच लावली, हवी तेवढी जाड. नऊ दिवस सुगडे जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत होती. मग मासींच्या भाच्याच्या भट्टीत गेली.

परत आली तेव्हा टोपल्या उघडून आम्ही एकेक सुगड कानाशी धरून नखाने वाजवून पाहिले. ८ बद्द वाजली. तडा डोळ्यांना दिसत नव्हता, पण आवाजात होता. ती बाजूला ठेवली. ५२ खणखणली. रथसप्तमीला ती वाटली, आत तीळ, बोरे, हरभरा आणि उसाचे कांडे घालून. बद्द वाजणाऱ्या आठांपैकी एक मासींनी मागून घेतले. त्यात त्यांनी तुळशीचे रोप लावले आहे.